टाकीला पडलेलं गणिती भोक

आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला मी गणिताने भोक पाडलं.

ड्रिल मशीन नाही, खिळा नाही, हातोडा नाही. निव्वळ गणित! गेली कित्येक वर्षं मी अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवतोय, पण माझ्या शिकवण्याचा इतका खोलवर परिणाम त्याआधी कशावरच झाला नव्हता.

सुरुवात झाली आम्हा शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. तिथल्या वक्त्यांनी आम्हाला चांगलंच घाबरवलं. "उद्याच्या कारखान्यात, उद्याच्या शेतात पाठांतर केलेल्या मुलांना कोणी उभं करणार नाही! गणित आणि विज्ञान हाताला कळलं पाहिजे, हाताला!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, समोसा खाल्ला आणि विषय तिथेच संपवला. मी मात्र तो विषय स्कूटरवर बसवून सावेडीला घरी आणला.

घरी आमची रिबेका वाटच बघत होती. तिची दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती.

"पप्पा, चिडणार नसाल तर एक सांगू?"

"सांग की."

"मी पुढे गणित घेणार नाही."

गणिताच्या मास्तरची मुलगी! मी चपला काढायच्याही विसरलो.

"का गं?"

"तुम्ही शिकवता ना, म्हणून." मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "म्हणजे तुम्ही छान शिकवता हो. पण ते सगळं फळ्यावरच असतं. तुमचा तो कमानीसारखा वाकणारा पॅराबोला, तो असतो तरी कुठे?"

आता खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत मीही तो फळ्याबाहेर शोधायला गेलो नव्हतो. पण बापाला असं बोलून चालत नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "दाखवतो! येत्या रविवारी तुझ्या पॅराबोलावर खिचडी शिजवून दाखवतो!"

आतून माझी बायको सुवार्ता म्हणाली, "कुकर घासून ठेवते."

गच्चीवर जुन्या टीव्हीची एक डिश गंजत पडली होती. तिचा आकार पॅराबोलाच्या कुटुंबातलाच. काचवाल्याकडून आरशाचे तुकडे आणले, रिबेकाने ते डिशच्या आतून एकेक करून चिकटवले. पहिले दोन दिवस तिने हे काम बापावर उपकार म्हणून केलं. तिसऱ्या दिवशी डिश उन्हात धरली, समोर काळा कागद धरला आणि कागदातून भसकन धूर निघाला!

"पप्पा!" रिबेका ओरडली. "काडी न ओढता!"

"सगळे किरण एकाच बिंदूत येतात. त्याला नाभी म्हणतात," मी सांगितलं. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा म्हटलं असेल, पण ते म्हणताना बोट भाजायची ती पहिलीच वेळ.

सुवार्ताने एवढंच विचारलं, "घरातला आरसा शाबूत आहे ना?" (होता. अर्धा.)

मग माझ्या अंगात आलं. मी कर्जतला माझ्या मेहुण्याला, प्रभाकरला, फोन लावला. "रविवारी चर्चनंतर सगळे जेवायला या. सूर्यावर शिजवलेलं जेवण आहे!"

"दाजी, आमच्याकडं ऊन लई हाय," प्रभाकर म्हणाला. "घिऊन येऊ का थोडं?"

रविवारी नगरचं ऊन असं तापलं होतं की गच्चीवर अनवाणी उभं राहायची सोय नव्हती. वारा लागू नये म्हणून मी डिश पाण्याच्या प्लास्टिकच्या टाकीच्या आडोशाला, तिच्या चौथऱ्यावरच ठेवली. काळं पातेलं नाभीवर नेमकं बसवलं, आत डाळ-तांदूळ, हळद, मीठ, पाणी. पातेलं तापू लागलं. रिबेका म्हणाली, "मी थांबते इथे." मी म्हणालो, "काही गरज नाही. सूर्य काय पळून जातोय?"

(हे वाक्य आता आमच्या इमारतीत लहान मुलंसुद्धा म्हणतात.)

खाली प्रभाकर, त्याची बायको आणि माझ्या सासूबाई आल्या होत्या. सरबत झालं. कांद्याचा भाव झाला. उद्याच्या जगात कोणाला नोकरी मिळणार यावर मी एक व्याख्यान दिलं. मध्येच प्रभाकर वास घेत म्हणाला, "दाजी, कायतरी जळतंय का वो?"

"रस्त्यावर कोणी कचरा पेटवला असेल," मी म्हणालो आणि व्याख्यान पुढे चालू ठेवलं.

शेवटी वरात गच्चीवर निघाली. मी थाटात झाकण उचललं. प्रभाकरने वाकून आत पाहिलं.

"दाजी, तांदूळ आजून पवतोय की पान्यात!"

पाणी कोमट होतं. डाळ होती तशीच, दुकानातून आणलेली. मला काही कळेना. मी ढगांना दोष द्यायला वर पाहिलं, पण आभाळात ढग औषधालाही नव्हता. टाकीकडे बघायचं कोणाला सुचलंच नाही. सुवार्ताने सगळ्यांना खाली नेऊन ताटं वाढली. वरणभात, वांग्याची भाजी, भाकरी. सकाळीच करून झाकून ठेवलं होतं! एवढा विश्वास नवऱ्यावर फार थोड्या बायका ठेवतात.

खरा प्रकार संध्याकाळी, पाहुणे निघायच्या आत, उघडकीला आला.

आमच्याकडे पालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे पाण्याची वेळ म्हणजे इमारतीत संचारबंदी. मोटार चालू करायचा अधिकार एकाच माणसाला: सुभेदार पठारे. लष्करातून निवृत्त झाले, भिंगारचं क्वार्टर सोडलं आणि आमचे सेक्रेटरी झाले. ते खाली अंगणात उभे राहतात, वरून पाणी सांडलं की टाकी भरली असं समजून मोटार बंद करतात. त्या दिवशीही त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने वरून पाण्याची जाड धार आली आणि थेट त्यांच्या डोक्यावर पडली.

"शाब्बास! आज टाकी लवकर भरली!" म्हणून त्यांनी खूश होऊन मोटार बंद केली.

अंधार पडायच्या आत तिसऱ्या मजल्यावरून ओरड सुरू झाली, "पाणी गेलं!" मग दुसऱ्या मजल्यावरून. सुभेदारांनी पुन्हा मोटार लावली. पुन्हा धार, पुन्हा नेमकी त्यांच्याच डोक्यावर. या वेळी मात्र ते खूश झाले नाहीत.

"सगळे गच्चीवर! ताबडतोब!"

आम्ही सगळे वर धावलो. टाकीच्या मधोमध रुपयाएवढं गोल भोक होतं आणि त्यातून पाण्याची धार कमानीसारखी उसळून कठड्यावरून खाली पडत होती.

"हा घातपात आहे," सुभेदार ओल्या मिशीतून म्हणाले.

"माकड असंल," प्रभाकर म्हणाला.

"कंपनीचा माल खराब," मी ठामपणे म्हणालो. मला खरोखर तसंच वाटत होतं, हो! वर आणखी म्हणालो, "हल्ली कोणी हिशेब करून वस्तू बनवतच नाही."

रिबेका मात्र कोणाकडेच बघत नव्हती. ती त्या धारेकडे टक लावून उभी होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "ही धार... हा पॅराबोला आहे ना?"

मी पाहिलं. अगदी घोटून काढावा तसा! सगळी इमारत तहानलेली, सेक्रेटरी भिजलेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! काय सुरेख आहे!"

सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या पलटणीत नव्हतो याबद्दल देवाचे आभार मानले.

मोटार बंद झाली, धार थांबली. रिबेका भोकाजवळ गेली. "ही कड कापलेली नाही, वितळलेली आहे," ती म्हणाली. मग डिशकडे वळली, टाकीकडे वळली, मावळतीकडे पाहिलं. हाताने आभाळात एक रेघ ओढली, तिच्या उलट दिशेला दुसरी ओढली. आणि एकदम उडी मारून ओरडली, "सापडलं!"

"कोण?" सुभेदार सरसावले.

"सूर्य एका बाजूला सरकला की तापाचा ठिपका उलट्या बाजूला सरकतो. सकाळी तो पातेल्यावर होता, मग हळूहळू टाकीवर आला. टाकी निम्म्याहून रिकामी होती ना? पाण्याच्या खाली ठिपका पडला असता तर पाण्याने उष्णता घेतली असती, काही झालं नसतं. कोरड्या जागी पडला, म्हणून वितळली!" तिचा चेहरा उजळून निघाला होता. आपण पकडून दिलेला आरोपी आपला बाप आहे, हे आनंदाच्या भरात तिच्या लक्षातच आलं नाही. "पप्पा डिश फिरवायला विसरले!"

सगळी इमारत माझ्याकडे वळली.

"गायकवाड सर," सुभेदार म्हणाले, "पृथ्वी फिरते हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं, पण ती सुट्टीच्या दिवशीही फिरते हे लक्षात राहिलं नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो.

प्रभाकरने टायरच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून भोक कसंबसं बुजवलं. नवी टाकी येईपर्यंत सगळ्यांनी पाणी जपून वापरायचं ठरलं. लोक मला रागावतील म्हणून मी जिन्यात तोंड लपवत होतो, पण खालच्या मजल्यावरच्या आजींनी उलट आमच्याकडे कैरीचं लोणचं पाठवलं. "पोरगी हुशार आहे हो तुमची," एवढाच निरोप. सुभेदारांनी मात्र शिक्षा सुनावलीच. "पुढच्या रविवारी हाच प्रयोग पुन्हा. टाकीपासून लांब. नेतृत्व मुलीचं. सर फक्त भांडी घासतील."

पुढच्या रविवारी रिबेकाने सावली बघून दर थोड्या वेळाने डिश फिरवली. खिचडी शिजली. सुभेदारांनी दोनदा मागून घेतली. मी भांडी घासत असताना ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"पप्पा, मी गणित घेतेय. पण एक अट आहे. मला तुम्ही शिकवायचं नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही चुका. मी शोधते."

अट मी मान्य केली. ते काम मला झेपण्यासारखं होतं.

जून उजाडला, कॉलेज सुरू झालं. टाकीची बातमी माझ्याआधी वर्गात पोचली असावी. कारण फळ्यावर मी 'पॅराबोला' असं नुसतं लिहिलं, वळून पाहिलं, तर उन्हाच्या बाजूची पोरं निमूटपणे उठून खिडक्यांचे पडदे ओढून घेत होती!