पळसाच्या पानावरचं पाणी

आईने पाणी पिणं जवळजवळ सोडलं, तेव्हा मला तो झरा आठवला. नेरळच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून ती फिल्टरच्या पाण्याला नावं ठेवत होती. "ह्याला काय चव हाय?" म्हणायची आणि घोटभर पिऊन पेला खाली ठेवायची. एकदा सलाईन लावून झालं होतं. पाणी पोटात गेलं नाही तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"माझ्या माहेरच्या झऱ्याचं आण, मग पिते," आई म्हणाली.

तिचं माहेर कोंडाण्याच्या लेण्यांपलीकडे. तिथल्या घळीत पावसाळ्यात कोसळणारा धबधबा मी पाहिला होता. पण तो वैशाखात? दिवाळीनंतर सगळं आटतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

"तो नदीचा गं. त्याच्या मागं झऱ्याचा हाय. नदी आटली की मगच दिसतो."

धबधब्याच्या मागे धबधबा! आता मला राहवेना. आईची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर निम्मी मी कुतूहलापोटी गेले.

मामीला सोबत घेऊन सकाळीच घळीत उतरले. नदीच्या पात्रात नुसते गोटे, तेही तापायला लागलेले. एक वळण घेतलं आणि पाण्याचा आवाज आला. कड्याचा वरचा काठ ठणठणीत कोरडा होता. त्याच्या खाली मात्र, दगडाच्या दोन थरांमधल्या आडव्या फटीतून पाणी बाहेर येत होतं आणि शेवाळावरून डोहात पडत होतं. मी धापा टाकत वर चढून नदीचं पात्र पाहून आले. थेंब नाही. खाली येऊन बाजूच्या दगडावर उभी राहिले आणि फटीत हात घातला. आत इतकं गार होतं की बोटं आखडली.

"मामी, हे येतं कुठून?"

"मला काय ठाव? मी भरायला येते."

भरणंही सोपं नव्हतं. पाणी शेवाळावर पसरत होतं, त्यामुळे मी चिंब भिजले आणि कॅन रिकामाच राहिला. मामी पोटभर हसली. मग तिने पळसाचं रुंद पान तोडलं, उभं दुमडलं, देठाची बाजू फटीत खोचली आणि वर एक खडा दाबला. पानावरून बारीक, सरळ धार कॅनमध्ये पडायला लागली.

"तुझी आई आपलं पान दुसऱ्या कुणाला लावू द्यायची नाय," मामी म्हणाली. "भांडायची त्यावरून."

ते मला अगदी पटलं. निघताना मी ते पानही पिशवीत टाकलं.

घरी आल्या आल्या आईला पेला भरून दिला. तिने घोट घेतला, जीभ फिरवली आणि पेला खाली ठेवला.

"फिल्टरचंच हाय."

माझ्या पायांचे तुकडे पडले होते. "आई, तुझ्या जिभेचीच चव गेलीय!" मी ओरडले आणि लगेच घाबरले. हेही पाणी तिला ओळखू येत नसेल, तर ती पिणार तरी कुठलं?

काही सुचेना म्हणून पिशवीतलं पान काढलं आणि दुमडलं. मी काही बोलायच्या आत आईने ओंजळ पुढे केली. मी कॅनमधलं पाणी पानावरून सोडलं. ती प्यायली. पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायली. कोपरांवरून ओघळलेल्या पाण्याने साडी भिजली, तरी थांबेना. मला रडू आलं.

कॅन काही जन्मभर पुरणार नव्हता. तो संपला तेव्हा मी गुपचूप फिल्टरचं पाणी भरून आणलं. पानही वाळून कडक झालं होतं. मी चेहरा साधा ठेवून धार सोडली. आई शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, तोंड पुसलं आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.

"हे फिल्टरचं हाय, कळतं मला," ती म्हणाली. "तू ओत गं."