सगळ्या चिंध्या तांबड्या

शांभवी शिंकत नाही. मिरचीचा खकाणा उठला की रस्त्यानं जाणारा माणूस तोंडाला रुमाल लावून पळतो, शेजारचा शिंपी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतो, आणि ही आत उभी असते. बागेत उभी असल्यासारखी.

डोळ्याला हात लावत नाही. केस कोपरानं मागं सारते. फोनही कोपरानं उचलते आणि हॅलोच्या आधी "व्हय" म्हणते. समोरच्यानं काही विचारायच्या आत होकार. मशीनचं बटण दाबण्यापूर्वी गळ्यातलं इष्टलिंग कुडत्याच्या आत सारते. चहा अर्धा पिते आणि उरलेला कुठं ठेवला ते विसरते. संध्याकाळी झाडू मारताना तीन-चार कप सापडतात, वर तांबडी साय धरलेले. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा वास घेते. अनुजानं वाढदिवसाला कवितांचं पुस्तक दिलं, त्याचाही घेतला. "चांगलं हाय की," म्हणाली आणि फळीवर ठेवलं. अजून तिथंच आहे.

आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगत नाही. या शेवटच्या सवयीपायी तिचा धंदा बुडायची वेळ आली होती.

अनुजा आणि शांभवी सहा वर्षं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एकाच खोलीत राहिल्या. अनुजा मराठीत एम.ए. झाली, एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. शांभवी बी.कॉम. होऊन मोटारींच्या एका शोरूमच्या ऑफिसात बसत होती. हॉटेलात गेलं की मेनू कार्ड अनुजाकडं सरकवायची. चपला घ्यायच्या तर दोन तास, आणि शेवटी अनुजा बोट दाखवेल त्या. अशा मुलीनं एका गुरुवारी जेवताना सांगितलं, "नोकरी सोडलो. मिरचीचं कांडप घालतोय."

"कुणाचं?" अनुजानं विचारलं.

"माझं."

अनुजाचा घास हातात राहिला. तो धक्का तिला अजून पचलेला नाही.

उद्यमनगरात पिराजी मिस्त्रीकडं जुनं मशीन होतं. दोघी बघायला गेल्या. पिराजीनं दोघींच्या मागं रस्त्यावर नजर टाकली. "मालक कुठायत?"

"तुमच्या म्होरं."

त्यानं अनुजाकडं पाहिलं. चष्मा तिला होता.

"ह्या न्हवं, पावणं. मी."

पिराजीनं मशीन चालू करून दाखवलं. लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली व्हायला लागली. ती थांबल्यावर शांभवीनं उखळात डोकं घालून वास घेतला. "हळद कुटलीसा ह्यात," ती म्हणाली. पिराजीनं मग मालक विचारला नाही.

मंगळवार पेठेत सायकलींचं एक बंद पडलेलं दुकान मिळालं. शिरोळहून तिचे वडील, रेवणसिद्ध अप्पा, बघायला आले. उसातला माणूस. खुर्चीवर बसून त्यांनी मशीनला नखशिखांत पाहिलं. "मिरगाच्या पावसापतोर बघ," ते म्हणाले. "कारखान्याच्या हापिसात जागा सांगून ठेवलीया. हितं न्हाय जमलं तर गुमान घराकडं यायचं."

"व्हय," शांभवी म्हणाली.

जाताना त्यांनी मिरचीचं एक पोतं कोपऱ्यात ठेवलं. आईनं पाठवलेलं. अवंदाची घरची चटणी लेकीच्या कांडपावर व्हावी, अशी अव्वाची इच्छा. "मिरगाला येतो," अप्पा म्हणाले. "एक तर तुला न्यायला, न्हाय तर चटणी न्यायला."

कोल्हापुरात चटणी म्हणजे पानात डावीकडं वाढायची वस्तू नव्हे. रश्श्यापासून उसळीपर्यंत सगळ्याला लागणारा तो तांबडा मसाला. उन्हाळ्यात घराघरांत वर्षाची चटणी होते. मिरची कुठली, किती, खोबरं किती, लसूण किती, हे प्रत्येक घराचं माप वेगळं. ते सासूकडून सुनेकडं तोंडी येतं, आणि सूनही चार वर्षं नांदल्यावरच त्याला पात्र होते. म्हणून बाई कांडपाला स्वतः जाते आणि आपला डबा भरेपर्यंत मशीनसमोरून हलत नाही. मिरची कमी होईल ही भीती असतेच. त्याहून मोठी भीती माप फुटण्याची.

शांभवीनं दारावर पाटी लावली: मिरची ठेवून जावा, चटणी घरपोच.

पेठ हसली. "दुसऱ्याच्या हातात चटणी? पोरगी पुण्याची हाय काय?" नोकरीवाल्या आल्या, दवाखान्यातल्या सिस्टर, एसटीतल्या कंडक्टर बाई, दोन शिक्षिका. त्यांना तासभर बसायला वेळ नव्हता. पण तेवढ्यावर कांडप चालत नाही. पेठ यायला हवी होती. आणि पेठ झुंबरबाईंच्या मागं चालते.

झुंबरबाई सत्तरीच्या. त्यांनी नावं ठेवलेला भाजीवाला गल्ली बदलतो. एरवी त्या कुणाच्या हाती चटणी देणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्या वर्षी गुडघा धरला. बसवेना. एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या, हातात मिरचीची पिशवी.

"माप सांगतो. कान हिकडं कर. लिवायचं न्हाय. कागदावर आलं की बाजारात गेलं."

शांभवीनं कान दिला. अनुजा तिथंच उभी होती, तर झुंबरबाई म्हणाल्या, "मास्तरीण, तू जरा उनात जा."

शांभवीनं एका अक्षरानं काही लिहिलं नाही. झुंबरबाईंचंही नाही, कुणाचंही नाही. पंचवीस-तीस घरांची मापं डोक्यात. डबा कुणाचा हे कळावं म्हणून जुन्या ओढण्या फाडून तिनं चिंध्या केल्या. झुंबरबाईंना पिवळी, सौंदर्या सिस्टरला केशरी, कंडक्टर बाईंना हिरवी.

"अगं, डब्यावर नावं तरी लिही," अनुजा म्हणाली.

"नाव लिवलं की खाली माप लिवायला हात वळवळतोय. नगं."

मे महिना आला. कांडप दिवसभर धडधडायला लागलं. तांबडा खकाणा भिंतीवर बसला, पंख्यावर बसला, फळीवरच्या कवितांवर बसला. चिंध्यांवरही बसला. आणि ज्या शनिवारी शांभवीनं स्कूटरला डबे लावले, त्या शनिवारी पिवळी तांबडी झाली होती, केशरीही तांबडी झाली होती. अनुजा डबे हातात देत होती. तिला काही वाटलं नाही, शांभवीलाही नाही. नाकात त्या आठवड्यात तीसच्या तीस घरं भरली होती.

सोमवारी सौंदर्या सिस्टर ड्यूटीवरून परस्पर दुकानात आली. मूळची चंदगडकडची, शांत बाई. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

"शांभवी, रागावू नकोस. ही आमची चटणी नाही. आमच्या आईची अशी नसते."

शांभवीनं डब्यावर नाक धरलं. एकदाच. मग स्टुलावर बसली.

"झुंबरबाईंची," ती अनुजाला म्हणाली. सिस्टर गेल्यावर म्हणाली, आधी नाही.

आता गोष्ट सरळ होती. सिस्टरची चटणी झुंबरबाईंच्या घरात, झुंबरबाईंची इथं. आणि सगळी पेठ बघत बसलेली, की झुंबरबाईंनी डोळे झाकून दिलेली चटणी बरोबर परत येते का.

"त्यांना कळलं असतं तर एव्हाना त्या आल्या असत्या," अनुजा म्हणाली. "कळलेलं नाही. सिस्टरला दुसरी करून दे. मिरची आपण घालू."

"आणि तिच्या आईची चटणी झुंबरबाईंच्यात?"

"कुणाला कळतंय?"

"मला."

शांभवीनं डबा उचलला.

झुंबरबाईंच्या घरी दुपारची जेवणं चालली होती. त्यांचा मुलगा उदयसिंह ताटावर बसला होता. पन्नाशीचा, तालमीत वाढलेला, जेवताना मान वर न करणारा गडी. दोघी उंबऱ्यात पोचल्या आणि त्यानं मान वर केली.

"आई, अवंदा चटणी झालीया बघ! असला रस्सा ह्या घरात आजपतोर झाला न्हाय."

झुंबरबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक पळा रस्सा ओतला. चेहरा असा उजळला, जसा नातीच्या लग्नातही उजळला नसेल. अनुजानं शांभवीची बाही ओढली. "चल. आत्ता नको."

"आज्जी," शांभवी उंबऱ्यातूनच म्हणाली, "डबा बदललाय. ही तुमची चटणी. ती दुसऱ्या घरची हाय."

उदयसिंहाचा घास वाटेत थांबला.

"ऊन लागलंय पोरीला," झुंबरबाई म्हणाल्या. "ये गं आत, पाणी पी." आणि दंडाला धरून त्यांनी शांभवीला मागच्या पडवीत नेलं. अनुजा मागोमाग गेली. या वेळी तिला कुणी उन्हात घातलं नाही.

"कुणाची हाय ती?" झुंबरबाईंनी विचारलं.

"सांगता येत न्हाय, आज्जी."

"बरं, कुणाची का आसंना. काय घातलंय त्यात?"

"तेबी न्हाय."

"अगं, मी काय पेपरात देतोय? म्हातारी बाई मी. माझं पोरगं आज पैल्यांदा तोंडानं बोललं."

शांभवीनं डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "तुमचं माप त्या घरानं मागितलं, तर देऊ?"

"जीभ हासडीन तुझी."

"मग झालं की."

झुंबरबाईंचा आवाज चढला. "झालं? आमच्या पेठेत कांडप चालवतीस आणि मला शिकवतीस? आता बघ, ह्या पेठेतली एक मिरची तुझ्या दारात आली तर!"

शांभवीनं त्यांचा डबा खाली ठेवला, सिस्टरचा उचलला आणि बाहेर पडली. उदयसिंह अजून ताटावरच होता. त्यानं डब्याकडं पाहिलं. एखादं माणूस कायमचं गावाला निघावं तसं पाहिलं.

रस्त्यावर अनुजा भडकली. "एक वस्तू सांगितली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? मिरगाला पंधरा दिवस उरलेत! बस मग कारखान्याच्या ऑफिसात."

"बसीन," शांभवी म्हणाली. "पर माप सांगितलं, तर माझ्याकडं मिरची कोण ठेवंल? मिक्सर सगळ्यांच्या घरात हाय."

मेनू कार्ड सरकवणारी ती मुलगी कुठं गेली, हे अनुजाला त्या दिवशीही कळलं नाही.

मंगळवारी पेठेतलं कुणी आलं नाही. सिस्टर आणि कंडक्टर बाईंची कामं झालेली. शांभवीनं मशीनला तेल घातलं. चार वेळा झाडलं. सहा कप सापडले. चिंध्या सगळ्या काढून टाकल्या आणि डब्यांच्या कड्यांना नवी खूण बांधली, कुणाला बांगडी, कुणाला किल्ली, कुणाला कोटाचं बटण. तांबडी झाली तरी किल्ली ती किल्लीच.

बुधवारी काही करायला उरलं नाही, तेव्हा तिनं अव्वाचं पोतं सोडलं. वर्तमानपत्र पसरून मिरच्यांचे देठ काढायला बसली. डावीकडं देठाच्या, उजवीकडं बिनदेठाच्या. दुपारी ती शिंकली. खकाणा नव्हता, मशीन बंद होतं, तरी शिंकली. अनुजानं पुस्तकातून डोकं वर काढलं.  सहा वर्षांत तिची ही पहिली शिंक.

"अप्पास्नी फोन करावा म्हणतोय," शांभवी म्हणाली. आणि केला नाही. देठ काढत राहिली.

गुरुवारी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. पुढं उदयसिंह, मागं एका अंगाला बसलेल्या झुंबरबाई. त्यांच्या पाठोपाठ सहा-सात बायका, प्रत्येकीच्या हातात पिशव्या. झुंबरबाई उतरल्या, गुडघ्याला एक शिवी दिली आणि बायकांकडं वळल्या.

"ही ती पोरगी. तीन येळा इचारलं, न्हाय फुटली. दोन दिवस सुकवली, तरी न्हाय फुटली. मला सांगितलं न्हाय, तर तुमचं कुणाला सांगतीया? ठेवा मिरच्या आणि जावा घराकडं. कामं न्हाईत काय तुमास्नी?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकीनं पिशवी टेबलावर ठेवली. शांभवीनं कान पुढं केला. अनुजा स्वतःहून उन्हात जाऊन उभी राहिली. तिथून तिला दिसत होतं, एकेक बाई पदर तोंडावर धरून कुजबुजते आहे, आणि शांभवी मान हलवते आहे, देवळातल्या गुरवासारखी.

शेवटी झुंबरबाई उरल्या. लेकींच्या घरची चटणी राहिली होती, तिची मिरची त्यांनी आणली होती.

"माप जुनंच," त्या म्हणाल्या. "उदयसिंह खाईल न्हाय तर ऱ्हाईल." मग आवाज उतरवून, शांभवीच्या तोंडाकडं बारीक डोळ्यांनी बघत म्हणाल्या, "पर मी म्हणतो, त्यात जरा दगडफूल वाढवून बघूया काय?"

शांभवीचा चेहरा भिंत झाला.

"बरं, तीळ?"

"तुमचं घर, तुमचं माप, आज्जी."

"लई बेरकी हाईस," झुंबरबाई म्हणाल्या. दारात उदयसिंहानं सुस्कारा टाकला आणि गाडीला किक मारली.

त्या गुरुवारपासून कांडप थांबलेलं नाही. पेठेमागून शेजारची पेठ आली. किल्ल्या आणि बटणं संपली, तेव्हा अनुजाच्या कानातला एक जुना डूल कुणाच्या तरी डब्याला लागला. सिस्टरच्या चटणीत काय आहे, हे अनुजाला आजही माहीत नाही. तिनं दोनदा विचारून पाहिलं.

काल अप्पांचा फोन आला. शांभवीनं कोपरानं उचलला.

"व्हय."

"पाटी अजून हाय काय दारावर?"

"हाय की."

"बरं. परवा मिरग निघतोय. येतोय मी." मग म्हणाले, "अव्वाची चटणी तेवढी भरून ठेव. वर्ष घालवायचं हाय त्यावर."

"व्हय," शांभवी म्हणाली.

मग दोघींनी कोपऱ्याकडं पाहिलं. वर्तमानपत्र तसंच पसरलेलं होतं. शांभवी तिथं जाऊन मांडी घालून बसली. एक देठ काढला, दुसरा काढला. दहा-बारा मिरच्या झाल्या असतील. दारातून हाक आली, "शांभवी, हैस काय गं?" ती उठली, लिंग कुडत्याच्या आत सारलं आणि मशीनचं बटण दाबलं.

डावीकडचा ढीग अजून मोठा आहे. उजवीकडचा छोटा. मधे कप आहे, अर्धा भरलेला.