मामीचा गोठा आणि मधेच तुटणारा कॉल

मामीची गाय पहिल्यांदा विताना अडली, तेव्हा तिनं आमच्याच ॲपवरून जनावरांच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला होता. मी इकडे शहरात, सावेडीत बसून ते ॲप लिहिते. मामी सुप्याजवळ वस्तीवर राहते. वायफाय घरात, गोठा शंभर पावलांवर. मामी फोन घेऊन धावली, वायफाय सुटलं, मोबाईलचं नेट लागलं आणि कॉल तुटला. परत लावला तर डॉक्टर दुसऱ्या कॉलवर. वासरू गेलं.

आणि मी काय म्हणाले? "मामी, फोन अपडेट करत जा ना!" जीभ झडो माझी. तिच्या जुन्या फोनला अपडेट येणंच बंद झालं होतं. मामीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "स्टँडवर काय मिळंल त्याच्या भरवशावर मी कधी एसटीत बसले न्हाई बाई. भाकरी घरून बांधून न्यावी."

ते काही डोक्यातून जाईना. आमचं ॲप स्टँडच्या भरवशावरच तर निघालं होतं! जोडणी सांभाळायचं काम आम्ही फोनच्या सिस्टीमवर सोडलं होतं, आणि सिस्टीम जोडणी ओळखायची ती नेटनं फोनला दिलेल्या पत्त्यावरून. नेट बदललं की पत्ता बदलला, ओळख संपली. मग जोडणी सांभाळायचे सगळे नियम आम्ही ॲपच्याच पोटात घातले. जोडणीला स्वतःची खूण दिली, पत्ता कुठलाही असो. डोक्याचा पार भुगा झाला, पण जुन्या फोनवरही चाललं.

यंदा तीच गाय पुन्हा अडली. मामीनं घरातून कॉल लावला, मलाही त्यात घेतलं. ती अंगणात उतरली आणि चित्र थिजलं. माझा जीव टांगणीला! मग गोठ्याचे पत्रे दिसले आणि डॉक्टरांचा आवाज आला, "वासराचा पाय मुडपलाय. आधी डोकं मागं ढकला." मामीनं फोन गव्हाणीवर टेकवला अन् कोपरापर्यंत हात घातला. कॉल शेवटपर्यंत तुटला नाही. कालवड झाली.

वासरू नसताना चीक शिजवायचा नाही, ही मामीची रीत. गेल्या खेपेला तिनं खरवस केलाच नव्हता. यंदा चौथ्या दिवशी एसटीनं माझ्याकडे खरवसाचा डबा आला. मागोमाग तिचा फोन.

"वासरू पोटभर प्यालं, मगच काढला गं चीक. तुझा वाटा हाय त्यात."

मी ओट्याशी उभ्यानंच खाल्ला, रडत रडत.