पार्लरच्या दारातल्या मोटारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं, त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही होटगी रस्त्यावर राहत नाही, म्हणून असेल कदाचित.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंटरनेटवर दुकानांची नावं चढवून देणं, हा माझा धंदा. नाव, पत्ता, फोन, वेळ, दोन फोटो. अशी माहिती ठेवणाऱ्या डिरेक्टऱ्या पुष्कळ आहेत, थोड्या मोठ्या, बऱ्याच फुटकळ. सर्च इंजिन त्या सगळ्या वाचतं. सगळीकडे एकच पत्ता दिसला की त्याला त्या दुकानाचा भरवसा वाटतो आणि ते दुकान वर दाखवतं. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरंच दिसलं की त्याला शंका येते, आणि दुकान खाली जातं. म्हणजे आपल्या गल्लीतल्या बायकांसारखंच की. मी लोकांना असंच समजावून सांगतो. लोक हसतात, काम देतात.

नजीरचाचा माझे पहिले गिऱ्हाईक. विहिरीवरच्या, कारखान्यातल्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतात. माझे वडील लूमवर होते, तेव्हा कारखान्यातली मोटार बंद पडली की चाचा यायचे आणि ती चालू होईस्तोवर जेवायचे नाहीत. मी कॉम्प्युटर घेऊन बसलो तेव्हा घरच्यांनासुद्धा माझा धंदा कळत नव्हता. चाचा म्हणाले, “आमचं नाव टाक बेटा. बघू, लोक येतात का.” आणि लोक आले! थेट उजनीच्या काठावरून, टेंभुर्णीच्या पलीकडून, पिकअपमध्ये मोटार टाकून, मोबाईलवरचा नकाशा बघत.

मग चाचांनी दुकान हलवलं. जुनी जागा होटगी रस्त्याला होती, नवी औद्योगिक वसाहतीच्या मागं. मोठी, पत्र्याची. “पत्ता बदलून टाक,” म्हणाले. मी म्हटलं, लगेच.

आता इथं मला जरा थांबावंसं वाटतंय. थांबू नये, हे कळतंय तरी.

पत्ता बदलायला नव्या दुकानाच्या पाटीचा फोटो लागतो. तो काढायला तिथं जावं लागतं. आणि तो सोलापूरचा मे महिना होता. तुम्ही मे महिन्यात दुपारी सोलापुरात गाडीच्या सीटवर बसला आहात का? मी नाही बसलो. पत्ता टाइप केला, फोटोची चौकट रिकामी ठेवली, संध्याकाळी जाऊ म्हटलं — आणि पंख्याखाली आडवा झालो. संध्याकाळी विसरलो. दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. “झालं का बेटा?”

“झालं चाचा. आता वर दिसायला वेळ लागतो.”

एवढंच. वेळ लागतो, हे खोटं नव्हतंच मुळी. खरोखरच लागतो. फक्त जे पाठवलेलंच नाही त्याला किती वेळ लागतो, हे मी सांगितलं नाही.

चाचांच्या जुन्या जागेत सुरेखाताईंनी ब्यूटी पार्लर काढलं. टेंभुर्णीच्या बाई, लग्नानंतर सोलापुरात आलेल्या, हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली. गुलाबी रंग, मोठा आरसा, फिरती खुर्ची. आणि उद्घाटनाचे पेढे संपायच्या आत त्यांच्या दारात पहिली मोटार उतरली. मग दुसरी. काळवंडलेल्या, ऑइल गळणाऱ्या मोटारी घेऊन माणसं पार्लरच्या दारात उभी. मोबाईल सांगतो हितंच हाय म्हणून, आणि आत बायका तोंडाला लेप लावून बसलेल्या. एक म्हातारबाबा तर म्हणे शांतपणे बाकावर बसले आणि म्हणाले, “बायांचं होऊ द्या आदी. मी थांबतो की.”

मला हे कुणी सांगितलं असेल? सुरेखाताईंनीच. त्यासुद्धा माझ्याकडेच आल्या ना! “सर, माझं पार्लर मोबाईलवर दिसंना. मोटारवालेच दिसत्यात.” सर म्हणाल्या मला. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “अपडेट व्हायला वेळ लागतो.”

त्या गेल्यावर मी घाईघाईनं गाडी काढली, नव्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला, बदल पाठवला. सुटलो म्हटलं. कुठला सुटतोय! मधल्या आठवड्यांत चार फुटकळ डिरेक्टऱ्यांनी एकमेकींचं बघून जुनाच पत्ता ताजा म्हणून उतरवला होता. सर्च इंजिननं पाहिलं, चौघी जुना सांगतात, एकटा मी नवा सांगतो. त्यानं माझा बदल परत फिरवला. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू? मी जे खोटं सांगितलं होतं, ते आता खरं झालं होतं. खरोखरच वेळ लागत होता.

मग व्हायचं ते झालं. एकाच पत्त्यावर दोन दुकानं बघून यंत्रानं त्यांची मोट बांधली. चाचांच्या दुकानाच्या नावाखाली नवरीचा फोटो आला. मुंडावळ्या, नथ, लाजलेली नजर, आणि तिच्या खाली एका गिऱ्हाइकाचा जुना अभिप्राय: ‘काम एकदम पक्कं. तीन वर्षं झाली, परत जळाली नाही.’

मी हसलो. हो, हसलो. एकट्यानं, दार लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. हेही कबूल करायलाच हवं.

पण त्याच आठवड्यात एक खरी नवरी त्या खुर्चीत बसली होती. एका घाईतल्या माणसानं मोटार आत आणून टेकवली ती नेमकी तिच्या शालूच्या पदरावर. काळं ऑइल ते, जातंय होय? नवरीच्या आईनं सगळ्या पेठेत सांगितलं, त्या पार्लरात जाऊ नका. ठरलेल्या नवऱ्या दुसरीकडे गेल्या. सुरेखाताईंचा तो पहिलाच लग्नसराईचा हंगाम होता. आणि चाचांच्या नव्या शेडमध्ये तारांची भेंडोळी तशीच पडून राहिली, कारण सर्चमध्ये आता ते मोटारवाल्यांत खाली गेले होते.

“बेटा,” चाचा म्हणाले, “मी जळालेली मोटार दोन दिवसांत उभी करतो. तुझ्या कॉम्प्युटरला एवढा टाइम कशाला?”

तेव्हा तरी बोलायचं की नाही? आणि मी काय बोललो? — आता आलं बघा, जे इतका वेळ टाळत होतो. आळस झाला, तो कुणालाही होतो. खोटं बोललो, तेही माणूस बोलतो. पण मी म्हणालो, “चाचा, त्या पार्लरवाल्या बाई तुमच्या जागेवर आपलं नाव चढवायला बघतायत ना, म्हणून घोळ होतोय.” आणि सुरेखाताईंना म्हणालो, “चाचांनी जुना पत्ता सोडला पाहिजे, ते सोडत नाहीत.” दोघांना, एकाच दिवशी. मधे फक्त चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी चाचा होटगी रस्त्यावर गेले. ज्या माणसाचा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो भर रस्त्यात ओरडला, “हमारा नाम खा गई तू!”

सुरेखाताई कंगवा हातात घेऊन बाहेर आल्या. “तुमचं नाव घीऊन मी काय करू व्हो? बायकांच्या केसांला तांब्याची तार गुंडाळू?”

लोक हसले. पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी शटर खाली ओढलं आणि आत बसून राहिल्या. मी समोरच्या टपरीवर उभा होतो. रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? मी ओलांडला नाही.

पुढं जे झालं त्यात माझा काही हात नाही. उजनीकाठचा एक केळीवाला आला, बायकोला घेऊन. मोटार जळालेली, बाग सुकायला लागलेली, आणि नकाशानं त्यांना आणून सोडलं बंद शटरपुढं. त्या बाईनं शटर वाजवलं. सुरेखाताईंनी अर्धं उघडलं आणि पाहिलं. त्यांना सरळ म्हणता आलं असतं, आमाला न्हाय म्हाईत. त्यांनी स्कूटी काढली, पिकअपच्या पुढं लावली आणि थेट चाचांच्या शेडपर्यंत घेऊन गेल्या. म्हणाल्या, “ह्यांचं लई अर्जंट हाय. बाग वाळतीया.” आणि वळल्या.

चाचांनी त्यांना थांबवलं. मोटार खोलता खोलताच चहा मागवला. मग मलाही बोलावून घेतलं.

मी गेलो. चाचा उठून उभे राहिले, ऑइलचे हात फडक्याला पुसले आणि पोरीच्या वयाच्या त्या बाईपुढं मान खाली घालून म्हणाले, “बेटी, मी रस्त्यात बोललो. माझी चूक. ह्या पोराच्या समोर सांगतो, म्हणजे साक्ष राहील.”

“जाऊ द्या चाचा,” त्या म्हणाल्या. “मीबी बोललेच की. मशीनचा घोळ, माणसांची कशाला भांडणं?” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “व्हय ना सर?”

मी म्हणालो, “व्हय.”

त्यानंतर मी त्या चारही डिरेक्टऱ्यांना रोज लिहीत राहिलो. पहिलीनं ऐकलं, मग दुसरीनं, आणि हळूहळू चाचा वर आले, पार्लर वेगळं झालं, नवरी आपल्या जागी गेली. दोघांचं नीट चाललंय. पण तो पहिला हंगाम सुरेखाताईंना परत मिळाला नाही. आणि ती माफी चाचांनी मागायची नव्हतीच.

दिवाळीत दोघांनी मिळून माझ्या कामावर अभिप्राय लिहिला. चाचांनी तोंडी सांगितला, सुरेखाताईंनी टाइप केला. पाच तारे. ‘कामाला वेळ लागतो, पण माणूस खरं बोलतो.’

आता सोलापुरात कुणी माझ्यासारखं काम करणारा शोधला, तर मी सगळ्यात वर दिसतो, आणि माझ्या नावाखाली पहिलं दिसतं ते हेच वाक्य. त्याच्या खाली मालकाला उत्तर लिहायला जागा असते. मी बराच वेळ तिथं बोट ठेवून बसलो होतो.

मग लिहिलं, ‘धन्यवाद.’ ते मात्र लगेच दिसलं.