जर्सी बदलून ये

"जर्सी बदलून ये."

स्टुडिओतली प्रोड्यूसर माझ्याकडे न बघताच म्हणाली. मी युनिव्हर्सिटीच्या हॉकी टीमची गोलकीपर. म्हणूनच मला चर्चेला बोलावलं होतं. विषय, कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का. म्हणून टीमची जर्सी घालून गेले होते.

"छातीवर कंपनीचा लोगो आहे. चालत नाही."

एक करडा टी-शर्ट हातात दिला. ढगळ. मी टॉयलेटमध्ये जाऊन बदलला.

मेकअपच्या आरशासमोर एक मराठी गृहस्थ बसले होते. तेही चर्चेत बोलणार होते. या परक्या देशातल्या मराठी कार्यक्रमांत कायम पहिल्या रांगेत दिसणारे मोठे साहेब. मी म्हटलं, "नमस्कार काका." त्यांनी समोरच्या कागदावर माझं आडनाव वाचलं. वर पाहिलं. मोठ्याने हसले.

"अच्छा. तुम्हा लोकांना मागायची सवयच. तिकडे सवलती, इथे पगार. इथे तरी सोडा."

मेकअप करणाऱ्या बाईला मराठी कळत नव्हतं. ती त्यांच्या नाकावर पावडर लावत राहिली. मी काहीच बोलले नाही.

माझे बाबा इथल्या सेम्बावांगच्या शिपयार्डात जहाजांचं वेल्डिंग तपासतात. इतकी वर्षं झाली, इथल्या मराठी माणसांत ते नुसतं पहिलं नाव सांगतात. आडनाव नाही. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या आरशासमोर कळलं.

चर्चा सुरू झाली. काका आणि बाकीचे पाहुणे टेबलाशी. मला कडेला स्टूल. मी सगळं सांगितलं. मॅचमध्ये बोट मोडलं, ऑपरेशन झालं, परीक्षा हुकली. आमच्या मॅचेस जाहिरातींसकट ऑनलाइन दाखवतात. माझा फोटो पोस्टरवर लागतो, मला कुणी विचारत नाही. निदान इलाजाचा खर्च द्या. आमच्या फोटोंवर कमावता, त्यातला वाटा द्या.

अँकर म्हणाला, "सो यू वॉन्ट मनी. यस ऑर नो?"

"यस. पण..."

"थँक यू."

चॅनेलचा व्हिडिओ आला. त्यात माझं उरलं होतं फक्त 'यस'. तोंड अर्धवट उघडं, तिथेच चित्र थांबवलेलं. बोट नाही, ऑपरेशन नाही, पोस्टर नाही. त्याला लागून काका. सावकाश, समजूतदार आवाजात, "आम्ही खेळलो ते खेळावरच्या प्रेमापोटी." त्यांच्या नावाखाली पट्टी, क्रीडाप्रेमी. माझ्या नावाखाली, पैसे हवेत म्हणणारी खेळाडू. आणि खाली लोकांच्या शिव्या. परत जा. इथे येऊन अजून मागतात.

बाबांना तो व्हिडिओ कामावरच्या कँटीनमध्ये कुणीतरी दाखवला. यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये आले ते बूट न काढताच उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माफी मागून टाक," म्हणाले. "आपण इथे कामाच्या पासवर आहोत. तो कधीही काढून घेतील."

प्रॅक्टिसला माझ्या टीममधल्या शी मिनने तो व्हिडिओ पाहिला. मध्येच थांबवला.

"एह, हा तर आपल्या जर्सीवरच्या कंपनीचा बॉस. व्हाय दे नेव्हर से?"

म्हणजे माझी जर्सी म्हणूनच उतरवायला लावली होती. आमच्या छातीवर ज्याची जाहिरात, तोच समोर बसून आम्हाला प्रेमाने फुकट खेळा म्हणत होता. आणि बघणाऱ्यांना तो कोण, हे कळू द्यायचं नव्हतं.

मग मी त्याच चॅनेलच्या जुन्या चर्चा काढून बघितल्या. सगळीकडे तेच. टेबलाशी अधिकारी, स्पॉन्सर, प्राध्यापक. कडेला एखादं खेळाडू पोर. त्याला एकच प्रश्न, प्रेम की पैसा? स्पॉन्सरला हे कुणी विचारत नाही. साहेब, तुमचा लोगो तुम्ही प्रेमापोटी लावता का?

काही दिवसांनी प्रोड्यूसरचा फोन आला. गोड आवाज. "तुझी स्टोरी करू. वडील हेल्मेट घालून, तू एकटी धावतेयस. थोडं रडू आलं तर छान. लोकांचं मत बदलेल."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी मान हलवली. हो म्हण.

मी म्हटलं, "माझं पूर्ण उत्तर दाखवा. काकांच्या नावाखाली त्यांची कंपनी लिहा. आणि मी जर्सी घालूनच येईन."

"इट डझन्ट वर्क लाइक दॅट."

"मग मी येणार नाही." फोन ठेवला.

बाबांचा चेहरा उतरला. "काय केलंस हे?"

तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. "बाबा, तो माणूस माझं आडनाव वाचून हसला."

बाबा खाली बसले. मग म्हणाले, "तू काय म्हणालीस?"

"काही नाही. गप्प बसले."

"पुन्हा बसू नकोस."

आम्ही आमचा व्हिडिओ केला. शी मिनने फोन धरला. जर्सी घालून मी सगळं सांगितलं, त्या लोगोवर बोट ठेवून, कंपनी कुणाची तेही. एकही वाक्य कापलं नाही. बघितला थोड्याच लोकांनी. पण कोचने बघितला. पुढच्या मॅचला मला बाहेर बसवलं. म्हणाले, "टीमच्या दृष्टीने बरं नाही."

मी अजून बाहेरच आहे. रोज प्रॅक्टिसला जाते. पॅड बांधते. आणि मागते. वाटा मागणं ही भीक नाही, हे ज्याला ऐकायचं नाही त्याच्यासमोर जास्त मोठ्याने मागते. आता कुणी कॅमेरा घेऊन आलं की आधी मीच विचारते, तुम्हाला पैसे कोण देतं? उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडत नाही. आणि उघडलं की कुणाच्या 'थँक यू'ने मिटत नाही.