महेंद्रच्या मुठीतली रिंग

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या मोजमापाच्या खोलीत महेंद्र कामाला. काम काय, तर लोखंडाच्या पोटात शिरायचं. पंपाच्या बॉडीचं तोंड अरुंद, आणि बेअरिंग बसायची जागा पार आत, जिथे ना नजर पोचते ना बोट. तिथे लांब दांड्याचं बोअर गेज घालायचं, हलकेच डोलवायचं आणि काटा कुठून मागे फिरतो ते बघायचं. चूक चालते ती केसाच्या दहाव्या भागाएवढी. गावात कुणी विचारलं तर तो सांगे, डॉक्टर पोट तपासतो ना, तसंच माझं. त्यावर बायको संघरत्ना म्हणे, "पेशंट बोलत नाय, म्हनून चाललंय तुमचं."

संघरत्ना थंडीत गेली. काविळीचं निमित्त झालं. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि महेंद्र कामावर आला. रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा आहे हो. घट्ट कसलं, मन जागेवरच नव्हतं. डब्यात काय खाल्लं ते झाकण लावेपर्यंत तो विसरलेला असे.

आता गेज खरं बोलतंय की नाही, हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी असते मास्टर रिंग, म्हणजे पक्क्या मापाचं पोलादी कडं. गेज तिच्यात घालून काटा शून्यावर आणायचा, मग पुढचं काम. मात्र रिंग उचलायची बोटांच्या टोकांनी आणि ठेवायची दगडी टेबलावर, कारण हाताच्या उबेनं पोलाद फुगतं आणि कड्याचं भोक मोठं होतं. नव्या माणसांना हे महेंद्रच शिकवी. "रिंगला माया लावायची नाय," असं म्हणून हसवीही.

त्या महिन्यात बॉड्या त्याला सारख्या टाइट दिसू लागल्या. टाइट म्हणजे आतलं भोक लहान, म्हणजे आणखी घासायचं. घासायच्या मशिनवर वैशाखरे गावचा दामू. महेंद्र म्हणे टाइट, की दामू घासून आणी. दामूला मधेच शंका आली होती, पण महेंद्रच्या काट्याशी कुणी वाद घालत नसे. माल गेला तसा परत आला. बेअरिंगं आत खुळखुळत होती. लोखंड घासता येतं, पुन्हा भरता येत नाही. सगळा लॉट भंगारात गेला.

मग कुणाची तरी मान हवीच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी दामूची निवडली. कंत्राटी माणूस, वय झालेलं, नजर गेली असेल म्हणाले. महेंद्रला कुणी विचारलंच नाही. दुःखातल्या माणसाला काय विचारायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी. शनिवारी दामूला गेटबाहेर काढायचं ठरलं. तो महेंद्रकडे येऊन एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमी टाइट म्हनलात म्हनून घासला."

महेंद्रला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंही त्याला काही वाटेना.

शुक्रवारी सकाळी क्वालिटीचे साहेब, शेखर, परत आलेल्या बॉड्या स्वतः मोजायला आले. रात्रभर टेबलावर पडलेल्या रिंगमध्ये त्यांनी गेज घातलं, तर काटा शून्याच्या बाजूला. काल तर शून्यावर होता. गेज कुणी हलवलं का, असं त्यांनी विचारलं. महेंद्र जवळ आला आणि त्यानं रिंग उचलून मुठीत घेतली. घेतली, आणि आपण असं रोज करतो हे त्याला तेव्हा कुठे दिसलं. रोज सकाळी, गेज लावण्याआधी, रिंग मुठीत आणि नजर भिंतीवर. किती वेळ, कुणास ठाऊक.

तो तसाच उभा राहिला. मग मूठ उघडून त्यानं ती कोमट रिंग गेजला लावली. काटा शून्यावर जाऊन बसला.

"दामूदादाची चूक नाय, साहेब," तो म्हणाला. "मोठ्या झालेल्या रिंगवर मी शून्य लावत होतो. बरोबर भोकं मला लहान दिसली."

शेखरांनाही हा नियम महेंद्रनंच शिकवला होता. "पण धरून का बसायचात, महेंद्रभाऊ?"

महेंद्रला उत्तर शोधावं लागलं नाही. दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं तो बोलला.

"थंड असते ना ती. धरली की गरम होते." त्यानं रिंग गेजवरून काढली. "तिचा हात मी सकाळपर्यंत धरला होता. नाय झाला."

दामूला काढू नका, हे सांगायला शेखर वर गेले. महेंद्र खोलीत एकटा उरला. त्यानं रिंग दगडी टेबलावर ठेवली, आणि ती पुरती गार होईपर्यंत, हात न लावता, तिच्याशेजारी बसून राहिला.