ताजमहालाबाहेरची शामलाआत्या

शामलाआत्या रोज पहाटे, चूल पेटवण्याआधी, दाराशी उकिडवी बसून घरातली सगळी पायताणं सरळ लावी. टाचा घराकडे, तोंडं बाहेर, दाना ओलीकडे, म्हणजे आमच्या गल्लीकडे. बाबांचे कचेरीचे बूट, माझ्या सँडली, पाहुणे असले तर त्यांचे जोडे. चामड्याला हात लागतो म्हणून हे काम आंघोळीच्या आधीचं. "जाणाऱ्याला दारात गोल फिरावं लागू नये," एवढंच कारण ती सांगे.

ती बाबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती सागरच्या सासरहून भावाकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आली. पुढे माझी आई गेली आणि घर तिच्या अंगावर पडलं. घर तिचं होतं, पण घरात तिची अशी जागा नव्हती. कोठीच्या खोलीत पिंपांमागे ती अंथरूण घाली. कोठीत पाहुण्यांच्या ट्रंका आल्या की तिची वळकटी माजघराच्या कोपऱ्यात जाई, तिथे कोणी निजलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. ती कुठे निजली आहे हे आम्हाला अंधारात पाय लागल्यावर कळे.

मी त्या वर्षी साहित्यात एम.ए. झाले होते. आमच्या ओलीत एखादी मुलगी एम.ए. होणं ही नवलाईच होती. बायका मला पाहायला येत आणि मीही जरा पाहण्यासारखी होऊन बसत असे.

ग्वाल्हेरला पाहुणा आला की एक दिवस किल्ला आणि एक दिवस आग्रा, हे ठरलेलंच. आग्र्याची मोहीम शेजारचे महिपतराव चालवत. दरबारच्या रिसाल्यातून ते निवृत्त झाले होते. पण घोडा सुटला तरी हुकूम सुटला नव्हता. पहाटे गल्लीत टांगे उभे करायचे, सगळ्यांना गाडीत कोंबायचं, आग्र्यात आधी लाल किल्ला, मग ताज, आणि दिवेलागणीला परत. वाटेत त्यांची माहिती अखंड चाले. "हा किल्ला आपल्या ताब्यात होता बरं का," असं ते अशा सुरात सांगत, की किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे असं वाटावं.

या मोहिमेत आमच्या घरापुरता एक नियम होता. ताजमहाल कितीही सुंदर असला तरी ते थडगं. थडग्यात जाऊन आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याच्या मकबऱ्यात गेलं तरी हेच. तेव्हा परत आल्यावर पौषाच्या गारठ्यात सगळ्यांनी अंगणात कुडकुडत ओळीने उभं राहायचं. "मुमताजबाईंचं सुतक," बाबा म्हणत. पण मग कुलूप कोण काढणार, बंब कोण पेटवणार, कोरडे कपडे कोण देणार? त्यासाठी एक माणूस शुद्ध लागे. ते माणूस म्हणजे आत्या. ती फराळाचा डबा घेऊन आग्र्याला आमच्याबरोबर येई, पण ताजच्या मोठ्या दरवाजाबाहेरच भिंतीशी बसे. डबा थडग्यात न्यायचा नाही, आणि आत जोडे काढायचेच असतात तर इथेच काढा, असं तिचं म्हणणं. म्हणून आम्ही अनवाणी आत जात असू आणि ती आमची पायताणं सरळ लावून राखत बसे. इतक्या वेळा आग्र्याला गेलेली बाई आमच्या ओलीत दुसरी नव्हती. तिने ताजमहाल पाहिला होता तो टांग्यातून, लांबून, घुमटापुरता.

त्या हिवाळ्यात पुण्याहून बाबांचे चुलतभाऊ गोपाळकृष्णकाका आणि विमलकाकू आले. आत्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्यात उतरू लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, शस्त्रक्रियेचा भरवसा देता येत नाही. पुढच्या थंडीपर्यंत हा डोळा टिकला तर नशीब. आत्याने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन आमटीत दोनदा मीठ घातलं. ती आमटी सगळ्यांनी खाल्ली.

आग्र्याच्या आदल्या दिवशी ती धपाटी लाटत होती. लाटता लाटता तिने विचारलं, "आत काय आहे गं?"

"कशाच्या?"

"ताजमहालाच्या."

मी पोळपाटासमोर मांडी ठोकून बसले. संगमरवरात गोठलेलं चांदणं, विरहाला आलेला आकार, मौनाचा घुमट. माझ्या तोंडून असं बरंच काही निघालं. माझं मलाच ते फार आवडलं.

आत्याने धपाटं तव्यावर टाकलं. "ते झालं. पण आत काय आहे?"

मी दोनदा आत गेले होते. पण दोन्ही वेळा मी ताजमहाल पाहत नव्हते, ताजमहाल पाहणारी मी कशी दिसत असेन ते पाहत होते.

"उद्या तूच जा आत," मी म्हणाले. "मी बाहेर बसते."

"आणि परतल्यावर दार कोण उघडणार?"

"मी. मी शुद्ध राहीन."

"बंब पेटवता येतो तुला?"

"आत्या, एम.ए. झालेय मी."

"म्हणून तर विचारतेय."

पण तिने लाटणं खाली ठेवलं होतं. बऱ्या डोळ्याने ती माझ्याकडे पाहत होती. "खरंच बसशील?" तिने विचारलं. त्या आवाजात इतकी आशा होती की मी माझ्या त्यागाचं मनात रचलेलं पुढचं वाक्य विसरले.

पहाटे टांग्यात मी उगीच "मला थंडी लागून राहिली आहे" म्हणाले आणि विमलकाकू स्टेशन येईपर्यंत हसत राहिल्या. "अगं, राहिली कुठे? तुमची ही ग्वाल्हेरची मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं लुगडं!"

"मगर काष्टा पक्का आहे, वहिनी," महिपतराव पुढच्या टांग्यातून ओरडले.

किल्ला झाला. सबंध किल्लाभर आत्या महिपतरावांच्या माहितीला "हं, हं" करत होती आणि मध्येच मला विचारत होती, "नक्की ना?" ताजच्या दरवाजाशी सगळ्यांनी जोडे काढले. काकांचा नवा कोरा पुणेरी जोडा माझ्या स्वाधीन करताना त्यांचा जीव खालीवर झाला. आत्याने डबा माझ्या मांडीवर ठेवला, लाल अलवणाचा पदर नीट घेतला आणि आत पाऊल टाकण्याआधी वळून माझी बैठक तपासली.

"तोंडं बाहेर," ती म्हणाली. मी एक सँडल उलटी लावली होती.

मग मी बसले. त्याग ही गोष्ट बसून करण्यासारखी नाही, हे मला तिथे समजलं. पहिल्यांदा मी उदात्त चेहरा केला. समोरच्या फुलवाल्याने तो पाहून विचारलं, "बहनजी, तबीयत ठीक है?" मग मी एक परिच्छेद जुळवू लागले: जी दाराशी बसते तिच्याविषयी. तो जमत आला असता एका माकडाने डब्याकडे पाहिलं आणि मी काकांचा जोडा त्याच्यावर उगारला. परिच्छेद गेला. डबा राहिला.

बऱ्याच वेळाने मंडळी परत आली. बाबा, काका, काकू, महिपतराव. आत्या नाही.

"कुठाय?"

"येत नाहीत," महिपतराव वैतागून म्हणाले. "हाक मारली की 'आलेच' म्हणतात आणि तिथंच उभ्या. रिसाल्यात असं कोणी केलं असतं ना... मी 'होऽ' करून घुमट घुमवून दाखवायला लागलो, तर मला म्हणतात, 'महिपतराव, झोपलेल्या माणसांजवळ ओरडू नये.' गाडी चुकणार आता!"

"पडलीबिडली तर नाही?" बाबा म्हणाले. "तिला उतरताना पायरी दिसत नाही."

ते एवढं म्हणाले आणि मी धावले. डबा काकूंच्या हातात दिला, दरवाजा ओलांडला, बागेतल्या पाण्याच्या कडेने पळत सुटले, पायऱ्या चढले आणि घुमटाखालच्या अंधारात शिरले. धावताना समोरचा ताजमहाल मी पाहिलासुद्धा नाही. तिसऱ्या खेपेलाही नाही.

आत्या पडली नव्हती. संगमरवरी जाळीला बरा डोळा लावून ती उभी होती. एका हाताची बोटं जाळीच्या फुलावर होती. मी धापा टाकत शेजारी उभी राहिले.

"बघ," ती हळूच म्हणाली. "बाई बरोबर मधोमध आहे. तो मागाहून आला, तर त्याला बाजूला जागा दिली. एवढा बादशहा, पण त्याच्यासाठी बाईला सरकवलं नाही कोणी."

मी पाहिलं. खरंच तसं होतं. मधली कबर लहान, नेमकी घुमटाखाली. शेजारची मोठी, एका अंगाला, उरलेल्या जागेत बसवल्यासारखी. दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा माझी नजर वर घुमटात होती.

आत्या आणखी थोडा वेळ पाहत राहिली. मग वळली, माझा चेहरा दिसावा म्हणून जवळ आली आणि एकदम थबकली.

"तू आत आलीस?"

"तू येत नव्हतीस म्हणून..."

"अगं, मग दार कोण उघडणार?"

परतीच्या गाडीत याच प्रश्नावर परिषद भरली. मी बाजू मांडली की मी थडग्यापर्यंत गेले नाही, जाळीपर्यंतच गेले. तेव्हा तत्त्वतः माझा स्पर्श अपूर्ण आहे. काकांनी पुण्याचे दाखले दिले. बाबा म्हणाले, शेजारून कोणाला बोलावू. आत्या म्हणाली, आपल्या पाण्यासाठी लोकांना गारठ्यात काढू नये. महिपतराव म्हणाले, "दार तोडू या."

दाना ओलीत पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. कुलपासमोर आम्ही सगळे अशुद्ध, एका रांगेत. दाराबाहेर पाय धुवायचा रांजण होता, नेहमी असे तसाच. आत्या त्याच्याकडे पाहत होती. तिने पदर खोचला तसं माझ्या लक्षात आलं, ती काय करणार आहे.

"थांब," मी म्हणाले. "मी आत आले. पहिला तांब्या मीच घेते."

तांब्या बुडवला, डोळे मिटले आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतला. 'हर गंगे' म्हणायचं होतं. जे निघालं ते ऐकून समोरच्या तीन घरांची दारं उघडली आणि शेजारी आपल्या दारापर्यंत पोहोचलेले महिपतराव काठी घेऊन उलटे धावत आले. मी आणखी ओतलं. दात वाजत होते, कानातून पाणी गळत होतं, आणि पौर्णिमेच्या आसपासचं चांदणं पडलेलं असूनही मला एकही उपमा सुचली नाही.

"आता झालीस हो एम.ए.," आत्या म्हणाली.

किल्लीही थडग्यात जाऊन आली होती, पण लोखंडाला विटाळ नाही, असं तिने सांगितलं म्हणून मी कुलूप काढलं. बंब पेटवला, म्हणजे आधी धूर पेटवला, मग पुष्कळ वेळाने बंब. पुण्याचे पाहुणे धुराने डोळे चोळत कोमट पाण्याने शुद्ध झाले. आत्या सगळ्यांत शेवटी बसली. तोवर पाणी चांगलं कढलं होतं. मी तिच्या पाठीवर तांब्या ओतला तेव्हा ती दचकली. मग तशीच बसून राहिली. "अजून एक घाल," म्हणाली. इतकी वर्षं आम्हाला पाणी देणारी ती. तिला कोणी पाणी घातल्याचं मला आठवेना.

पाणी घालता घालता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रांजण तर कायमच दाराशी होता. गार पाण्याचा पहिला तांब्या कोणी घेतला असता, तर आत्या कधीच आत जाऊ शकली असती. ही युक्ती कोणाला न सुचण्याइतकी काही अवघड नव्हती.

दुसऱ्या दिवशी पायताणं लावून झाल्यावर आत्याने कोठीतली जुनी खाट काढली आणि पुढच्या खोलीत मधोमध, खिडकीच्या उन्हात आणून टाकली. त्यावर आपली वळकटी पसरली.

"इथे?" बाबा म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्याची वाट आहे ही."

"बाजूने जातील."

मला वाटलं, उन्हासाठी असेल. मी तसं बाबांना समजावूनही सांगितलं. मला खरं कारण सुचायला आठवडा लागला, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या थंडीआधीच तिचा दुसरा डोळा गेला. तरी पहाटेचं काम सुटलं नाही. हाताने चाचपून ती पायताणं लावी आणि घरात कोण आहे, कोण नाही, ते तिला डोळस माणसाच्या आधी कळे. "महिपतराव आलेत," ती म्हणे, "एक टाच झिजलीय." कधी कधी कोणी पाहुणा तिला विचारी, आत्याबाई, ताजमहाल कसा आहे हो? ती म्हणे, "चांगला आहे. जागेवर आहे." मी जवळ असले तर एखादं छानसं वाक्य पुढे करावंसं वाटे. पण मी गप्प बसायला शिकले होते. निदान ती ऐकत असे तेव्हा.

सहा वर्षांमागच्या माघात तिला ताप आला आणि छाती भरली. अंथरुणावरून उठणं बंद झालं तेव्हा पायताणं मी लावू लागले. ओलीतली माणसं भेटायला येत. एका सकाळी दाराशी जोड्यांचा ढीग झाला होता आणि पुढच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टर येणार होते. बाबा मला म्हणाले, "हिला जरा आतल्या खोलीत घेऊ या का? इथे अडचण होतेय सगळ्यांची." महिपतरावांनी खाटेला हात घातलाही.

आत्याने डोळे उघडले नाहीत. उघडून उपयोगही नव्हता. हात तेवढा खाटेच्या काठावर आला.

"खाट इथेच राहू दे. त्या चपला सरळ लावा, म्हणजे वाट होईल."